हँडल खाली होतं

"तात्या, माझा भरला का बगा," म्हादू सकपाळ पडवीच्या खांबाला टेकून ओरडला. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून समोर बसलेल्या माणसाशीही तो पलीकडच्या डोंगरावरच्याशी बोलावं तसा बोलायचा.

"एकोणऐंशी टक्के," मी म्हणालो.

"मगाशी बी एकोणऐंशीच हुता."

"मगाधरनं गाणी ऐकत बसलायस त्याच्यावर. एका हातानं भरायचं नि दुसऱ्या हातानं सांडायचं. मग वाढंल कसा?"

बायका हसल्या. शेजारच्या अनसूया वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या, त्या मान खाली घालून हसल्या. माझ्या पडवीत त्या सकाळी सात मोबाइल, दोन बॅटऱ्या आणि सहा माणसं होती. माझी बायको हौसा गेल्यापासून तिथे एका वेळी दोन माणसं बसलेली मी पाहिली नव्हती, आणि तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. आमची वाडी शिवसागर जलाशयाच्या कडेला, डोंगराच्या उतारावर. घरं एकवीस, त्यातल्या नऊ घरांत तेव्हा चूल पेटायची. बाकीची मंडळी मुंबईत, ती गणपतीला आणि मे महिन्यात येतात, कुलपं काढतात, झाडलोट करतात, जाताना पुन्हा कुलपं लावतात. उरलो आम्ही म्हातारे. लाँचने पलीकडे गेलं की एसटी, एसटीने गेलं की सातारा. त्याच्या पुढचं जग टीव्हीत.

मी तेहतीस वर्षं वीज खात्यात वायरमन होतो. नाव केशव उतेकर, पण ते मतदार यादीपुरतं. पंचक्रोशीत मी वायरमन तात्या. निवृत्त झालो तरी वायरमनच राहिलो, कारण कुणाच्या घरात बल्ब उडाला तरी हाक मलाच.

ती पेटी माझ्या जावयाची. माझी लेक सुवर्णा आणि जावई अभिजित पुण्याला असतात. जावयांना कॅम्पिंगचा भारी नाद. त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी दोघं आली. मी आठ दिवस आधी वाकळी धुऊन वाळत घातल्या होत्या, माजघर सारवून घेतलं होतं. जावयांनी गाडीतून तंबू काढला आणि खाली पाण्याच्या कडेला ठोकला.

"अगं, घर सोडून तंबूत?" मी लेकीला विचारलं.

"तात्या, ह्यांना निसर्गात झोपायचंय."

"आमी इतकी वर्षं काय लॉजमधी झोपलोय व्हय?"

ती हसली, पण झोपली तंबूतच. मी वर पडवीत बसून तंबूतला उजेड बघत राहिलो. तो उजेड या पेटीचा होता. नाव पॉवर स्टेशन. मला ते ऐकूनच हसू आलं होतं. उभ्या जन्मात मी जी पॉवर स्टेशनं पाहिली, त्यांच्या फाटकातून आत जायला पास लागायचा. हे शिवणयंत्राच्या डोक्याएवढं खोकं, वरून हँडल, पुढे प्लग आणि टक्के दाखवणारी काच. सोबत घडीचं सोलर पॅनेल, चार पानांचं. उन्हात पसरलं की पेटी भरते. जाताना जावई म्हणाले, "तात्या, ठेवा तुम्हाला. इकडे लाइट फार जाते." मी नको म्हणालो. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर चढलेल्या माणसाला असलं खेळणं घ्यायला कमीपणा वाटतो. पण लेकीने ती कपाटावर ठेवली आणि मी ती तिथून हलवली नाही.

दसरा झाला आणि सोमवारी संध्याकाळी परतीच्या पावसाने दाणादाण उडवली. वारा असा की माझ्या गोठ्याचा पत्रा दिगंबरच्या परड्यात जाऊन पडला. दिगंबर म्हणजे अनसूया वहिनींचा मुलगा, तो कळव्याला असतो. लाइट गेली ती गेलीच. मंगळवारी मी ओंकारला फोन केला. ओंकार आताचा वायरमन, अकरा गावं एकट्याच्या गळ्यात, जरा धांदरट पण कामाचा.

"तात्या, तीस खांब पडल्यात," तो म्हणाला. "आठ दिस तरी धरा."

म्हणून मी ती पेटी काढली. बुधवारी पहिलं ऊन पडलं, अंगणात पॅनेल पसरलं आणि माझा मोबाइल लावला. तासाभरात वहिनी कुंपणापाशी आल्या.

"भावजी, माजा बी लावताय का? दिगूचा फोन यायचा आसतो."

दुपारपर्यंत म्हादू आला, मग ठकूबाई, मग वरच्या आळीचे दोघं नवरा-बायको. फोन लावला की भरेपर्यंत दोन तास जायचे. फोन परक्या घरी ठेवून कोण जातं? सगळे बसायचे. बसलं की बोलणं आलं. बोलणं आलं की चहा. दूध वहिनी आणायच्या, गूळ माझा. ठकूबाईने एकदा मिक्सर आणून लावला तर पेटी टूँ टूँ करून बंद पडली. तिला वाटलं आपण ती मोडली, तोंड एवढंसं झालं. मी बटण दाबून पुन्हा चालू केली आणि म्हणालो, "तिला मिक्सर झेपत न्हाई. तुमच्या सुनेसारखीच हाय." त्यावर ठकूबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. वाटण शेवटी पाट्यावर झालं आणि सगळ्यांनी मिळून माझ्याच पडवीत भाकरी खाल्ली.

खरं सांगायचं तर मला सुख झालं. लाइट होती तेव्हा प्रत्येक घरात एक टीव्ही आणि टीव्हीपुढे एक म्हातारं माणूस असे. वहिनींच्या आणि माझ्या घरात तीस पावलांचं अंतर, पण दिवसात एकच बोलणं व्हायचं. "पानी आलं का?" "आलं." बस. त्यांचे मालक जाऊन नऊ वर्षं झालेली, माझी हौसा गेलेली. एकट्या बाईने एकट्या पुरुषाच्या पडवीत बसायचं तर वाडीत निमित्त लागतं. मोबाइल भरायचा हे निमित्त असं होतं की त्याला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. सगळेच तर येत होते.

मी सकाळी उठून पडवी झाडू लागलो. दाढी करू लागलो. तुम्ही हसाल, पण सणासाठी ठेवलेला सदरा काढला.

शुक्रवारी सकाळी पडवी भरण्याआधी मी वरच्या फाट्याकडे चक्कर मारायला गेलो. तिथे मोठ्या लाइनवरून आमच्या वाडीची लाइन फुटते, आणि त्या खांबावर स्विच आहे. खांबाच्या कमरेला लोखंडी हँडल असतं. हँडल वर म्हणजे वाडीची लाइन चालू, खाली म्हणजे बंद. लाइनवर काम करायचं तर आधी ते खाली ओढायचं, मग वर चढायचं.

हँडल खाली होतं.

मी वर पाहिलं. तारा ओढून झाल्या होत्या. तारा बसतात ती चिनी मातीची चाकं नवी, बांधणी ताजी, खाली गवतात तारेचे चमकणारे तुकडे. काम पुरं झालेलं. तेवढ्यात दरीपलीकडून पावशेवाडीच्या गिरणीचा आवाज आला. गिरणी चालू, म्हणजे मोठी लाइन जिवंत. ओंकार आदल्या संध्याकाळी काम आटोपून हँडल वर करायला विसरून निघून गेला होता. नऊ घरांचा अंधार माझ्या हाताच्या उंचीवर लोंबत होता.

आता आमच्या धंद्यातला एक नेम सांगतो. ज्याने हँडल खाली केलं, त्यानेच ते वर करायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आपल्याला न दिसणारा कुणी पुढच्या खांबावर असू शकतो. माझ्याबरोबरचा मारुती चोरगे असाच गेला. कुणीतरी शहाणपणा करून हँडल वर केलं आणि मारुती तारेवर होता. त्याला खाली उतरवणाऱ्यांत मी होतो. तेव्हापासून दुसऱ्याच्या हँडलला मी हात लावलेला नाही, आणि त्याही दिवशी लावला नाही.

पण फोन करता आला असता. तोही नेमच आहे. विचारायचं, कुणी वर आहे का? नाही म्हणाला तर मग हँडल वर करायचं. माझ्या खिशात शंभर टक्के भरलेला फोन होता आणि फाट्यावर वाडीपेक्षा चांगली रेंज येते. मी फोन हातात घेतला. ओंकारचं नाव काढलं. मग मनाला म्हणालो, नेम तो नेम, ज्याचं हँडल त्याने बघावं. फोन खिशात टाकला आणि घरी आलो. तोवर वहिनी पायरीवर येऊन बसल्या होत्या आणि त्यांनी केर काढला होता.

"कुठं गेलता?" त्यांनी विचारलं.

"जरा पाय मोकळं करून आलो."

दुपारी म्हादूने विषय काढला. "तात्या, तुमी फोन लावा की हापिसात. तुमच्या शब्दाला मान हाय."

"लावला हुता सकाळी. आजून खांब उभं करत्यात म्हनं."

"पावशेवाडीची गिरणी चालू झालीया," ठकूबाई म्हणाली. "मी ऐकली."

"डिझेलवर चालवत आसंल," मी म्हणालो.

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. वायरमन तात्या म्हणतोय म्हटल्यावर विजेबाबत वाडीत दुसरं मत कुणाचं नसतं. वहिनींनी तेवढं माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत तांदळात बोटं घातली. मी उठून पॅनेल उन्हाच्या बाजूला सरकवलं, ते आधीच उन्हात होतं.

शनिवार असाच गेला आणि चांगला गेला. म्हादूने मुंबईच्या गोदीत कामाला होता तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या. दोनशे किलोचं पिंप कसं चौघांनी उचललं, आणि चौथा कसा नुसता हात लावून कण्हायचा. वहिनींनी शेंगा उकडून आणल्या. हौसाचा विषय निघाला. दोन वर्षांत तिचं नाव माझ्यापुढे कुणी घेतलं नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून. वहिनी म्हणाल्या, "हौसाबाई आस्त्या तर ह्या पेटीला पयलं हळद-कुंकू लावलं आसतं." मी खो खो हसलो आणि मग मला रडू आलं, आणि कुणी उठून गेलं नाही. रोज मनात म्हणायचो, उद्या फोन करू. उद्या नक्की.

एक गोष्ट मी धरलीच नव्हती. किंवा धरली होती आणि तिकडे बघत नव्हतो. वाडीच्या टाकीत पाणी चढतं ते मोटरीवर. लाइट नाही म्हणजे मोटर नाही, म्हणजे बायका हंडा घेऊन खालच्या झऱ्याला. पावसाने ती वाट शेवाळलेली, दगड निसरडे. माझं पाणी मी आणायचो, पण पडवीत चहाला लागणारं पाणी वहिनी आणायच्या. मी नको म्हणायचो, त्या आणायच्या.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला ठकूबाईची किंकाळी ऐकू आली. मी धावलो. वहिनी झऱ्याच्या वाटेवर कुशीवर पडल्या होत्या, हंडा घरंगळत खाली पाण्यापर्यंत गेलेला. उजवा पाय वेडावाकडा वळलेला. चेहरा पांढराफटक, पण ओरडत नव्हत्या.

"भावजी, उठता येईना," त्या म्हणाल्या. "जरा हात द्या."

मी हात दिला आणि मला कळलं की हात देऊन भागणार नाही. खुबा मोडला होता. म्हादूने आणि मी घोंगडीची झोळी केली. लाँचवाल्याला मी फोन केला. तो फोन मात्र लगेच केला. उतारावरून खाली नेताना त्या एकदाच कण्हल्या. लाँचमध्ये त्यांना ठेवलं तेव्हा त्यांनी माझी बाही धरली.

"माजा फोन राह्यलाय तुमच्याकडं. लावलेला हाय."

"म्हादू घिऊन येतोय."

"तुमी हुता म्हनून ह्ये आठ दिस निगालं बगा," त्या म्हणाल्या. आठ नव्हते, सहाच झाले होते. म्हादू आणि ठकूबाई त्यांच्याबरोबर बसले. मी जेट्टीवर राहिलो. लाँच निघाली.

तिथून मी घरी आलो नाही. तडक फाट्यावर गेलो. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. खांबापाशी उभं राहून ओंकारला फोन लावला.

"ओंकार, आमच्या लाइनवर कुणी हाय का वर?"

"न्हाई तात्या. आमी बेस्तरवारीच उरकलं तिकडचं. का वं?"

"हँडल खाली हाय."

तो ओरडला, "आयला! ऱ्हायलंच की! पुढच्या गावाचा फोन आला नि तसाच पळालो. तीन दिस अंधारात हायसा? मला फोन न्हाई का करायचा वं तात्या?"

"नक्की कुनी न्हाई न्हवं वर?" मी विचारलं.

"कुनी न्हाई वर. तुमीच करा की."

मी हँडल वर केलं. वर ठाक करून आवाज झाला. झालं, एवढंच. नंतर मी मोबाइलवर पाहिलं, बोलणं अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं.

खाली आलो तर वाडीत टीव्ही सुरू झाले होते. टाकीवर मोटरीची घरघर. पडवीत वरच्या आळीची जोडी आपले फोन काढून घेत होती. "आली बगा तात्या लाइट. लई उपकार झालं तुमचं." पाच मिनिटांत पडवीत पेटी आणि मी उरलो. काचेवर त्र्याण्णव टक्के दिसत होते.

वहिनींचं ऑपरेशन साताऱ्यात झालं. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा दिगंबर खोलीत होता, बोलायचं ते राहिलं. दिवाळीआधी त्याने त्यांना कळव्याला नेलं आणि घराला कुलूप लावलं. "आता काठीशिवाय चालायची न्हाई," तो म्हणाला, "हितं उतारावर कशी ऱ्हानार?" त्याचं बरोबर होतं. तेव्हा नऊ चुलींच्या आठ झाल्या. माझ्या पडवीतून त्यांचं दार समोर दिसतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. लेकीला नाही, म्हादूला नाही. म्हादू तर गेलाही. वहिनींचा फोन दसऱ्याला आणि संक्रांतीला यायचा, नातू लावून द्यायचा. तब्येत, पाऊस, कुणाचं काय झालं. प्रत्येक वेळी मी ठरवायचो आणि प्रत्येक वेळी म्हणायचो, फोनवर नको.

गेल्या संक्रांतीला मात्र बोललो. आता मी त्र्याहत्तरचा. किती संक्रांती धरायच्या?

"वहिनी, एक सांगायचं राह्यलंय," मी म्हणालो. "तवाच्या त्या लाइटीचं."

"हँडलाचं व्हय?"

तिकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"मी शुक्रवारी गवताला गेलते फाट्याकडं," वहिनी म्हणाल्या. "तवाच बगितलं. खाली हुतं. हौसाबाईनीच दावलं हुतं मला कवातरी. म्हनायच्या, ह्ये हँडल खाली आसलं म्हंजी आमचं मालक खांबावर, वर झालं की मी भाकरी टाकाय घेती."

मला हे माहीत नव्हतं. तेहतीस वर्षं ती तिथपर्यंत येऊन बघून जायची, हे मला कधी कळलं नव्हतं.

"मंग तुमी बोलला का न्हाई?" मी विचारलं.

"तुमी का न्हाई बोलला?"

मी म्हणालो, "माझ्यापायी तुमचा पाय गेला."

"पाय माजा घसारला," त्या म्हणाल्या. "मला बसायचं हुतं तितं. मी बी कुणाला सांगितलं न्हाई. आता तुमी एकट्यानं नगा घिऊ वजं."

"दुखतो का?"

"थंडीत."

नातू मागून काहीतरी म्हणाला, त्याला फोन हवा होता.

"हितं चांगलं हाय सगळं," वहिनी म्हणाल्या. "लिफ्ट हाय. पानी बी दिसभर. मी आपली खिडकीत बसती. शेजारी कोन ऱ्हातं त्ये आजून ठावं न्हाई बगा." मग म्हणाल्या, "हितं लाइट काय जात न्हाई, भावजी."

"बरं हाय की मंग," मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बरंच हाय."